कोगनोळी नाक्यावरचं टेबल

नाक्याच्या पत्र्याखाली माझी दोन टाइपरायटरं होती.
कानडीचं थोरलं. मराठीच्याचा ळ तुटका.
ळ मी नंतर पेनानं भरायची,
म्हणून बाळगोंडा नेजेंच्या प्रत्येक अर्जात
एक अक्षर माझ्या हातचं आहे.

नेजेंच्या पानमळ्यात मधोमध शिवेचा दगड.
बायका त्याला शेंदूर लावायच्या,
मोजणीवाले चप्पल काढून पुढं जायचे.
दगडाच्या उगवतीची पानं थेट निपाणीच्या सौद्याला,
मावळतीची माझ्या टेबलासमोर उभी:
परराज्यातला माल, प्रवेशकर भरा.
वेल एका बेण्याचे, पाट एक,
खुडणारी गोदाक्का एक,
तिच्या अंगठ्यातली पत्र्याची नखीसुद्धा एकच.

बसलिंगय्या इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता.
'एन माडोदु अक्का,' म्हणायचा, 'रूल आहे.'
डप्प्यांवर स्वतः पाणी शिंपडायचा,
आणि पावती होईस्तोवर
पानं काळी पडताना बघत राहायचा.

मग चिकोडीहून हत्तरकी वकील आले,
घटनेचं पुस्तक माझ्या टेबलावर उघडलं,
उडू नये म्हणून वर चुन्याची डबी ठेवली.
कलम तीनशे एक. 'टाइप करा, बाई.
व्यापार, वाणिज्य आणि व्यवहारसंबंध
देशभर मुक्त असेल.'
मी बडवलं. छान वाटलं बडवताना.
तेवढ्यात त्यांचं बोट मागं सरकलं:
'आधी हे घ्या. अधीन राहून.'
कशाच्या? पुढच्या कलमांच्या.
पुढं संसदेला बंधनं घालता येतात, लोकहितासाठी.
आणखी पुढं राज्यालाही,
वाजवी असली तर, वर दिल्लीची मंजुरी असली तर.
मी म्हटलं, म्हणजे आळं करावं, पाट बुजवू नये.
ते म्हणाले, हे रिटमध्ये घालता येणार नाही.

एक ओळ मात्र नेजेंच्या कामाची निघाली:
बाहेरच्या मालावर कर लावा खुशाल,
पण घरच्या तसल्याच मालावर जेवढा, तेवढाच.
वकिलांनी तिच्याखाली नखानं रेघ ओढली.
नेजेंनी पान जुळवून त्यांच्या हातावर ठेवलं,
उगवतीचं की मावळतीचं, सांगितलं नाही.

मी अडकले ती तिसऱ्या शब्दात. व्यवहारसंबंध.
'येणंजाणं,' वकील म्हणाले, 'माणसांचं.'
माझी धाकटी बहीण कागलात दिलेली.
कुणी बसला काळं फासलं
की एसटी नाक्याच्या त्या अंगाला थांबायची.
ती तिकडून चालत, मी इकडून,
मधे बॅरिकेड,
वरून डबा द्यायचा, वरूनच रिकामा घ्यायचा.
एवढ्या वर्षांत हजारो फॉर्म भरले मी,
तिळाचे, तंबाखूचे, लोखंडाच्या सळ्यांचे.
त्या डब्याचा फॉर्म कुठल्याच खात्यानं छापला नव्हता.

धारवाडहून निकाल आला तेव्हा नाकाच नव्हता.
पत्रा भंगारात गेलेला,
बसलिंगय्या पेन्शनीत,
ट्रक न थांबता जाणारे.
गोदाक्काही गेली होती. नखी सुनेकडे.
निकालात लिहिलेलं: कर भेदभावाचा, परत करा.
अठराशे बारा रुपये.
काळ्या पडलेल्या पानांबद्दल ओळ नव्हती.

चेक आला, त्यावर नाव कानडीतून आलेलं:
बाळगौडा.
बँकेतला पोरगा म्हणाला, पासबुकात गोंडा आहे,
हा दुसरा माणूस.
नेजे चेक घेऊन माझ्या घरी आले,
ओट्यावर बसले, बराच वेळ हसले,
मग खोकले.

पोरानं कॉम्प्युटर लावून दिला असता.
मी माळ्यावरचं जुनं मशीन काढलं,
रिबीन वाळलेली, तेल घालून पुढंमागं केली,
आणि प्रतिज्ञापत्र बडवलं:
बाळगोंडा आणि बाळगौडा,
वरील दोन्ही नावे एकाच इसमाची.

मग पेन घेतला,
आणि दोन्ही नावांत
ळ भरला.